काजवा महोत्सव करायचाय? आधी आपलं रान आपण चाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून असलेल्या एका गावातल्या तरुण मंडळाला पुढच्या उन्हाळ्यात काजवा महोत्सव भरवायचा आहे. भंडारदऱ्याच्या बाजूला रतनवाडी, पांजरे, उडदावणे या पट्ट्यात मे अखेरीस गाड्यांच्या रांगा लागतात, तिथल्या पोरांना चार पैसे मिळतात, मग आपल्याकडे का नको? परवानगी कोणाची घ्यायची, माणशी किती पैसे लावायचे आणि जाहिरात कशी करायची, असं मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलंय. सह्याद्रीतल्या गावांबरोबर निसर्गफेऱ्या बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी स्पष्ट सांगतो: काजव्यांपासून सुरुवात करू नका. काजवे करा, पण दुसऱ्या वर्षी. पहिलं वर्षभर छोट्या फेऱ्या करा, आणि त्यातल्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना बाहेरचा एकही माणूस बोलावू नका. फक्त गावातली माणसं. हे ऐकून मंडळाचा हिरमोड होईल, मला कल्पना आहे. पण कारणं ऐका.

काजव्यांचा मोसम मेच्या शेवटच्या आठवड्यापासून साधारण जूनच्या मध्यापर्यंत. रोहिणीत वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की झाडं लखलखायला लागतात आणि मृगाचा पाऊस नीट लागला की खेळ आटोपतो. आता याच पंधरा-वीस दिवसांत तुमच्या गावात काय काय चालू असतं ते आठवा. नांगरट, बियाणं, घरं शाकारणं, पावसाळ्याचा लाकूडफाटा घरात भरणं. घरटी एक माणूस मोकळा मिळणं मुश्कील. त्यात पाहुणे येणार ते शनिवार-रविवारी, रात्री, अरुंद रस्त्यावर, आणि केव्हा सर येईल याचा नेम नाही. अंधार, गर्दी, गाड्या आणि पाऊस ही चारही संकटं एकाच रात्री अंगावर घेण्याइतकी तुमची माणसं अजून तयार नाहीत.

दुसरं कारण काजव्यांचंच. झाडावर जो झगमगाट दिसतो तो बहुतेक नरांचा. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर शेकडोंनी जमून ते एका तालात पेटतात-विझतात. माद्या मात्र बऱ्याचदा खाली असतात, गवतात, झुडपांच्या बुंध्याशी, आणि तिथूनच मंद उत्तर देतात. म्हणजे ज्या जागी उभं राहून लोक वर बघतात आणि मोबाईल धरतात, तीच जागा माद्यांची. अंडी ओलसर मातीत घातली जातात, आणि अळी पुढचे कित्येक महिने पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन जगते. पंख फुटलेला काजवा त्यानंतर जेमतेम दोन-तीन आठवडे दिसतो. त्याला करायचं एकच काम, जोडीदार शोधणं, आणि त्या कामाची भाषा म्हणजे उजेड. गाडीचा हेडलाईट, मोबाईलची टॉर्च, हॉटेलचा हॅलोजन यांच्यापुढे त्याचं बोलणं पोचत नाही. दोन-तीन मोसम एका सादड्याखालची जमीन तुडवली गेली की पुढच्या पिढीच्या अळ्या त्या जागी कमी होतात. मग लोक म्हणतात यंदा पाऊस लांबला म्हणून काजवे कमी.

भंडारदऱ्याच्या पट्ट्यात वनखात्याला काजव्यांच्या दिवसांत वाहनांच्या वेळेवर बंधनं घालावी लागली, ती उगाच नाही. मी त्या भागात एका मोसमात पाहिलंय, शहरातल्या एका सहल-आयोजकाने बस भरून माणसं आणली, स्पीकरवर गाणी लावली आणि 'काजवे अजून का दिसत नाहीत' म्हणून आमच्याच वाटाड्यांशी हुज्जत घातली. नऊ वाजता सगळ्यांनी एकदम मोबाईल वर केले. झाड विझलं. दोष त्या पाहुण्यांचा कमी होता, कारण त्यांना आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं. आणि गावाकडून सांगणारं कोणी नव्हतं, कारण गावाने आधी काही ठरवलंच नव्हतं.

म्हणून पहिली फेरी गावाची. ती कशी बसवायची ते जरा तपशिलात सांगतो, कारण सगळं यावरच उभं राहतं.

सुरुवातीला रानभाजीची फेरी घ्या. आषाढात, पाऊस दोन-तीन आठवडे झाला की. आवण्या, म्हणजे भाताची लावणी, सुरू व्हायच्या आधीचा किंवा मधला एखादा सकाळचा वेळ बघा. गावातल्या तीन-चार जाणत्या बायका, आणि चौथी ते नववीची पोरं. तरुण मंडळाने फक्त मागे चालायचं आणि लिहून घ्यायचं. पुढारीपण बायकांकडे. हे मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक गावांत मंडळ म्हणजे पंचविशीतले मुलगे. त्यांना कडे, घळी, गडाच्या वाटा पाठ असतात, पण पायाखालचं रान घरातल्या बायांना जास्त ठाऊक असतं.

एका अशा फेरीत मी पाहिलेली गोष्ट. बांधाच्या कडेला शेवळं उगवली होती. जमिनीतून सरळ वर आलेली जांभळट-तपकिरी कणसं, पान एकही नाही. पोरांनी ती याआधी शंभरदा पाहिली असतील. आजीने एक उपटलं, वरचं आवरण सोललं, आतल्या दांड्याचा बुडाकडचा पिवळट भाग नखाने काढून टाकला आणि म्हणाली, "एवढं ऱ्हायलं ना, का घशात कुसं टोचल्यावानी होतं." मग पाच-पन्नास पावलं पुढे नेऊन काकडाचं झाड दाखवलं. त्याची आंबट हिरवी फळं शेवळात घालायची, म्हणजे खाज मरते. काकड नाही मिळाला तर चिंच. एका पोराने विचारलं, आधी शेवळं उगवतात की आधी काकड धरतो? आजी थांबली, विचार केला आणि म्हणाली, दोन्ही बरोबरच येतात. तेवढ्यात दुसऱ्या बाईने सांगितलं की त्यांच्या माहेरी काकड कमी, म्हणून बोंडाऱ्याचा पाला घालतात. तिथे झालेली पाच मिनिटांची चर्चा कुठल्याही पाहुण्यासमोर झाली नसती. पाहुणा आला की माणूस भाषण करतो. आपली माणसं असली की वाद घालतो, आणि खरी माहिती वादातून बाहेर पडते.

अशा फेरीत कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी, चाई, कर्टोली, बांबूचे कोंब असं बरंच निघेल. प्रत्येकाची नोंद: गावातलं नाव, कुठे उगवतं, कोणत्या नक्षत्रात येतं, कोणता भाग खातात, काय करून खातात, आणि पूर्वीपेक्षा कमी झालंय का. बरोबर कळलावीही दाखवा. पिवळं-लाल ज्वालेसारखं फूल, दिसायला देखणं, पण कंद जीवघेणा विषारी. कडूकंद कसा शिजवून, पाण्यात ठेवून मगच खाल्ला जातो तेही सांगा. पुढे शहरातले लोक फेरीला येतील तेव्हा नियम एकच ठेवा: दाखवायचं, शिजवून खायला घालायचं, पण पाहुण्याने स्वतः तोडायचं नाही. नाहीतर तो पुढच्या रविवारी आपल्या इमारतीमागे जाऊन भलतंच काहीतरी उपटून खाणार.

या नोंदीचा दुसराही उपयोग आहे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला ती हीच. तुमच्या पंचायतीत समिती कागदावर नक्की असेल. नोंदवहीही कपाटात असेल, आणि ती बाहेरच्या कोणी दोन दिवसांत भरून दिलेली असण्याची शक्यता दाट. ती मागा, वाचा, चुका शोधा. तुमच्या फेऱ्यांतून ती खरी होईल. आणि समितीच्या नावाने काम सुरू केलंत तर 'ही चार पोरं कोण?' हा प्रश्न विचारायला कोणाला जागा राहणार नाही.

आता वर्षाचं बघू. काजव्यांच्या पंधरा दिवसांवर सगळा भार टाकणाऱ्या गावांची मला खरोखर काळजी वाटते, कारण तुमच्याकडे बारा महिने काही ना काही असतं. श्रावण-भाद्रपदात सड्यांवर (उघड्या खडकाळ पठारांवर), उतारांवर सोनकी, तेरडा. दर सात-आठ वर्षांनी कारवी फुलते, त्या वर्षी डोंगराचा रंग बदलतो. आता सिमेंटच्या भिंती आल्या, तरी कारवीच्या कुडाचं जुनं घर गावात एखादं असेलच. ते दाखवल्याशिवाय कारवीची फेरी पुरी होत नाही. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यभर पक्षीसप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या पक्षी-अभ्यासकांच्या वाढदिवसांमधला हा आठवडा, २०२० पासून सरकारी पातळीवर साजरा होतो. शाळेबरोबर काही करायचं तर हे सर्वांत सोपं निमित्त, कारण शिक्षकांना वरून परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.

पक्ष्यांसाठी दुर्बिणी नाहीत म्हणून अडून बसू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा फुलतो. एक मोठी, फुललेली सावर निवडा आणि सकाळी सात ते आठ तिच्यापासून थोडं लांब सतरंजी टाकून बसा. चालायचं नाही, हिंडायचं नाही. बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, हळद्या, सूर्यपक्षी आळीपाळीने येतात, मध पितात, भांडतात. कोतवाल दुसऱ्याला हुसकावतो, साळुंकी त्याला जुमानत नाही. म्हातारी माणसं, गुडघे दुखणाऱ्या बायका, लहान पोरं सगळ्यांना हा कार्यक्रम जमतो, आणि खर्च चहाचा. असंच फळलेल्या वडा-उंबराखाली बसलं तर हरियाल दिसतो, आपला राज्यपक्षी. हिरव्या पानांत हिरवा, म्हणून आधी फळं टपटपताना ऐकू येतात, मग तो दिसतो.

हिवाळ्यातल्या रात्री तर तुमचं मोठं भांडवल. मुंबई-पुण्याचा माणूस आकाशगंगा बघायला तुमच्याकडे येईल, आणि त्यासाठी तुम्हाला दुर्बीणही नको. पण तारे दाखवायला शहरातला व्याख्याता बोलावू नका. गावातला एखादा जुना शेतकरी बसवा. रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, आसळका, हत्ती अशी पावसाची नक्षत्रं त्याला तोंडपाठ असतात. पुष्कळांना हे लक्षात आलेलं नसतं की जूनमध्ये 'मृग लागला' म्हणतो तेव्हा सूर्य त्या तारकांच्या घरात असतो, म्हणून त्या तारका त्या दिवसांत रात्री दिसतच नाहीत. दिसतात त्या हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊ-दहाला मृगाच्या बाणाचे तीन तारे एका रेषेत, त्यांच्या रेषेत खाली व्याध, वर रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका. पेरणीची नक्षत्रं डोक्यावर बघायला मिळाली की शेतकरीच सुरू होतो, कोणत्या वर्षी कोणत्या नक्षत्राने दगा दिला ते सांगायला. तुम्ही फक्त शेकोटी लहान ठेवा आणि पथदिवा बंद करून घ्या.

मार्च-एप्रिल-मे बद्दल फार लिहीत नाही. करवंदं, जांभळं आहेतच. पाणवठ्यावर मात्र लोक नेऊ नका. उन्हाळ्यात जनावरांना तेवढंच पाणी उरलेलं असतं.

पैशांचा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात. माणशी किती, यापेक्षा वाटणी कशी, हे आधी ठरवा. गावातली बहुतेक भांडणं दरावरून होत नाहीत, 'त्याच्याच घरी जेवण का' यावरून होतात. नमुन्यादाखल हिशेब धरा. वीस पाहुणे, सकाळची फेरी आणि न्याहारी, माणशी ४०० रुपये, जमा ८,०००. दोन वाटाड्यांना ७०० प्रमाणे १,४००. पुढे-मागे चालणाऱ्या दोन मदतनिसांना ४०० प्रमाणे ८००. न्याहारीचे ताटामागे ९० प्रमाणे १,८०० महिला बचत गटाला. औषधपेटी आणि किरकोळ ३००. उरले ३,७००. त्यातले निम्मे ग्रामसभेच्या निधीला, निम्मे मंडळाला. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पण हा कागद दर फेरीनंतर चावडीवर लागला पाहिजे. वाटाडे आणि जेवणाची घरं पाळीने. पाळी चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे सरपंचाच्या भावकीची नावं आपोआप वर येणार नाहीत.

न्याहारीला पोहे-मिसळ ठेवू नका, ती त्यांना घाटाखालीही मिळते. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, हुलग्याचं पिठलं किंवा शेंगोळी, सणाला काळभात. पाहुणे सांगतील, अजून थोडी चटणी बांधून द्या, मग ती विकता येते. तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जुन्या वाणांचं बी घरात सांभाळून पद्मश्रीपर्यंत नेलं. अकोल्याच्या माणसाला गावठी वाणाचं मोल दुसऱ्या कोणी शिकवावं लागू नये.

परवानग्यांचं. कोणत्या जमिनीवर चालणार आहात, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून आधी फेरीची वाट गटनंबरासकट कागदावर काढा. अभयारण्याच्या हद्दीत पाऊल पडत असेल तर वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी, आणि तिथे मुक्काम, शेकोटी, तंबू हे परस्पर करायचंच नाही. हे अभयारण्य १९८६ सालचं आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा तिथे पूर्ण ताकदीने लागतो. अभयारण्यातल्या गावांत ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असते आणि बाहेरच्या वनहद्दीत संयुक्त वन व्यवस्थापन समिती. प्रवेशशुल्क वगैरे घ्यायचं तर त्यांच्यामार्फत, मंडळाच्या पावतीपुस्तकावर नाही. मालकीच्या शेतातून जात असाल तर मालकाची संमती. तोंडी चालते, पण भातपीक उभं असताना बांधावरून वीस माणसं गेली की तोंडी संमती विसरली जाते, म्हणून लिहून घ्या. तुमचं गाव पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येत असेल तर ग्रामसभेला चांगलं वजन आहे. तिचा ठराव सर्वांत आधी घ्या, बाकीची कार्यालयं त्या कागदाकडे बघूनच बोलतील. घरं पर्यटकांना द्यायची असतील तर राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाखाली, २०२० च्या, नोंदणीचा विचार करा. पण ते पुढचं.

एक व्यवहारी गोष्ट. वनरक्षकाला कागद घेऊन भेटायला जाण्याआधी पहिल्या फेरीला पाहुणा म्हणून बोलवा, बाहेरच्यांपैकी तेवढा एक अपवाद. हद्दीवर वणवा लागला की विझवायला जाणारी पोरं आणि फेरी घेणारी पोरं एकच आहेत, हे त्याला दिसलं की अर्धं काम होतं.

सुरक्षेबाबत मी जरा कडक आहे. लोक साप-बिबट्याची भीती घेऊन येतात, पण सह्याद्रीत निसर्गसहलींना मी सर्वांत जास्त घाबरतो ते आग्या मोहोळाला आणि पाण्याला. कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर ती वाट त्या मोसमापुरती बंद, चर्चा नाही. अत्तर, धूर, ड्रोन, आरडाओरडा यांपैकी काहीही माश्यांना उठवायला पुरतं. पाण्याबाबत म्हणाल तर धबधब्याखालच्या डोहात उतरायला पाहुण्याला परवानगी द्यायचीच नाही, पोहता येत असो वा नसो. घळीत पावसाच्या दिवसांत शिरायचं नाही. वर घाटमाथ्यावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, हे सांदण दरीच्या आसपासच्या माणसाला सांगायला नको. वळवाच्या दिवसांत वीज चमकायला लागली की उघड्या सड्यावरून आणि एकट्या झाडाखालून निघायचं, फेरी तिथेच संपली.

सापांचं म्हणाल तर नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार प्रत्येक वाटाड्याला ओळखता आले पाहिजेत. पावसात झुडपांवर हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला असतो, फांदीला आधारासाठी हात घालण्याची सवय शहरी माणसाला असते, ती मोडायला सांगा. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. तो हात किंवा पाय न हलवता माणसाला लवकरात लवकर जिथे प्रतिविष आहे तिथे पोचवायचं. १०८ ला फोन लागतो का आणि रेंज कुठल्या टेपावर मिळते, हे आधी चालून तपासा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस आहे का, ते फेरीच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. विंचवालाही हलकं घेऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसीन या औषधाचा उपचार रूढ केला तो कोकणातल्या अशाच खेड्यांतून, तोवर माणसं हकनाक मरत होती. आणि हो, फेरीत कोणी सर्पमित्र साप हातात धरून दाखवायला तयार झाला तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा. ते बेकायदेशीरही आहे आणि पाहुणा शिकतो ते नेमकं उलटं.

एका वाटाड्यामागे पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत. सोळाव्याला ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही तो मोबाईल काढतो.

दुसऱ्या ठिकाणांकडून काय घ्यावं? मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एकदा जाऊन या, मंडळाची सगळी पोरं घेऊन. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे समुद्री कासवांची अंडी राखण्याचं काम सुरू केलं. कासव महोत्सव आला तो नंतर काही वर्षांनी, आधी संरक्षण आणि मग पाहुणे. हा क्रम बघा. राहणं-जेवण गावातल्या घरांत. ऑलिव्ह रिडले जातीच्या या कासवांची पिल्लं कधी निघतील ते कोणाच्या हातात नसतं, आणि कधी कधी लोक रात्र काढतात तरी एकही पिल्लू बाहेर येत नाही. ते आधी सांगितलेलं असतं, म्हणून कोणी पैसे परत मागत नाही. तुमच्या काजव्यांनाही हाच नियम लागतो. जाहिरातीत 'हमखास' हा शब्द नको.

कास पठारावरून उलटा धडा घ्या. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास होतं. गर्दी अशी लोटली की आसपासच्या गावांच्या समित्यांना शुल्क, ऑनलाईन नोंदणी आणि दिवसाला पर्यटकांची मर्यादा असं सगळं करावं लागलं. पठाराला कुंपण घातलं, आणि पुढे तेही काढायची वेळ आली, कारण गुरांचं चरणं थांबलं तर गवत माजतं आणि बुटक्या फुलझाडांना जागा राहत नाही, असं अभ्यासक सांगत होते. गर्दी आल्यावर मर्यादा घालणं किती जड जातं बघा. तुमच्याकडे आज एकही गाडी येत नाही, तेव्हा मर्यादा ठरवायला फुकट पडते.

आता काजव्यांकडे. वर्षभर अशा फेऱ्या झाल्या, वाटाडे पाच-सहा तयार झाले, हिशेबाचे कागद चावडीवर लागले, तर पुढच्या मोसमात काजवे घ्या. महोत्सव म्हणू नका, त्या नावाबरोबर मंडप आणि डीजे आपोआप येतात. आधी या वर्षीच्याच मोसमात, पाहुण्यांशिवाय, दोघा-तिघांनी रोज संध्याकाळी फिरून कोणत्या झाडावर कोणत्या तारखेपासून काजवे बसतात ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्यातली निम्मीच झाडं दाखवायची. उरलेली कोणालाही, गावच्या जावयालाही, दाखवायची नाहीत. शनिवार-रविवार सोडून सोमवार ते गुरुवार सुरू करा. पाहुणे कमी येतील, पण जे येतील ते काजव्यांसाठीच येतील. रात्री तीस माणसं, दोन तुकड्या. गाड्या शाळेच्या मैदानावर, तिथून पुढे पायी. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी सुतळी, तिच्या पलीकडे पाय नाही. वाटाड्याच्या टॉर्चला लाल कागद, बाकी सगळ्यांचे मोबाईल शाळेतच पिशवीत. लोक कुरकुरतात, पण दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावले की विसरतात. झाडापासून लांब, मळलेल्या जागी बसायचं आणि तासाभरात उठायचं. साडेनऊपर्यंत शेवटचा पाहुणा झाडापासून परत.

बाहेरच्या सहल-आयोजकांचे फोन तुमच्या पहिल्या फोटोनंतर आठवड्याभरात यायला लागतील. पन्नास माणसांची बस, रोख आगाऊ रक्कम. त्या वेळी अध्यक्षाने एकट्याने नाही म्हणणं अवघड असतं, कारण समोरचा गोड बोलतो आणि गावातला कोणीतरी म्हणतोच, आलेली लक्ष्मी का परत पाठवता. म्हणून तीसचा आकडा ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, कोणत्या वारी फेरी होणार तेही त्यातच, आणि ठरावाची प्रत फोनमध्ये ठेवा. फोन आला की ती प्रत पाठवायची, वाद घालायचा नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायचा असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) तसा अर्ज आताच द्या, आणि त्याच अर्जात आषाढातल्या रानभाजी फेरीची तारीखही टाका.